बाईंचं बरोबर आहे

२ फेब्रुवारी, सोमवार

सातचा पाढा फळ्यावर लिहून दिला. म्हणून घ्यायचा राहिला – घंटा झाली. पोरांनी तेवढ्यात उतरवून घेतला. गृहपाठ : दहा वेळा लिहून आणणे. भोंगा उठून म्हणतो, "बाई, पाच वेळा चालेल?" म्हटलं, तुला पंधरा वेळा. बसला खाली.

(भोंगा हे मी ठेवलेलं नाव. आवाजावरून. वर्गातल्या सगळ्यांना माझ्या डोक्यात अशीच नावं आहेत, खरी हजेरीपटात.)

गृहपाठ म्हटलं की तिसरीची तोंडं अशी पडतात, जणू मी त्यांच्या घरात पाल सोडतेय. चोवीस वर्षं हीच तोंडं बघतेय. गृहपाठ काय आवडण्यासाठी असतो?

३ फेब्रुवारी, मंगळवार

एकोणचाळीस वह्या मधल्या सुट्टीत तपासल्या, पस्तीस मिनिटांत, डबा खात खात. शेजारच्या वर्गाच्या बाई बघतच राहिल्या. हाताला सवय, दुसरं काय.

सगळ्यांचं बरोबर. चुकलं फक्त खिडकीवालीचं – दहाच्या दहा ठिकाणी, आणि तीच चूक! तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसते ती मुलगी. नजर कायम बाहेर. फळ्याकडे न बघितल्यावर दुसरं काय होणार? दहाही ठिकाणी लाल गोल काढले आणि खाली शेरा : ‘फळ्यावर पाहून लिहावे. चुकलेली ओळ पुन्हा दहा वेळा.’

४ फेब्रुवारी, बुधवार

खिडकीवालीनं ओळ लिहून आणली. अक्षर सुरेख. वही टेबलावर ठेवून जागेवर गेली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज जे कळलं ते लिहावं की नाही, याचा विचार करण्यात अर्धा तास गेला. इथे नाही तर कुठे लिहू?

शेरे भरायचे म्हणून वह्या घरी आणल्या होत्या. नवरा चहा घेऊन समोर बसला. तो चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, दिवसभर लोकांना ‘खालची ओळ वाचा’ म्हणत असतो, त्यामुळे समोर अक्षर दिसलं की मोठ्यानं वाचायची खोड. वरची वही उघडून वाचायला लागला. आठव्या ओळीवर थांबला.

"सात आठे चोपन्न? हे कधीपासून?"

म्हटलं, एखाद्या पोराचं चुकलं असेल. त्यानं दुसरी वही उघडली. चोपन्न. तिसरी. चोपन्न. मग मी त्याच्या हातातून गठ्ठा ओढून घेतला आणि एकेक उघडत गेले. अडतीस वह्या, दहा-दहा वेळा (भोंग्यानंही पंधरा नाही, दहाच). तीनशे ऐंशी चोपन्न, आणि प्रत्येक पानावर माझी सही.

म्हणजे फळ्यावर मीच लिहिलं.

प्रत्येक वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर पाढे छापलेले असतात. तिथे छप्पन्न आहे. पोरांनी तो पुठ्ठा मांडीवर ठेवून चोपन्न लिहिलं. शेजारी बसून लिहून घेणाऱ्या आयांनी बघितलं नाही. आणि मी! मी तर आकडे वाचतच नव्हते. अडतीस पानं एकसारखी दिसली आणि एक वेगळं दिसलं, एवढंच माझ्या डोळ्यांना दिसलं. जे वेगळं ते चूक.

खिडकीवालीनं छप्पन्न लिहिलं होतं. एकटीनं. मी तिच्याकडून दहा वेळा चोपन्न लिहून घेतलं, आणि वर अक्षर सुरेख म्हणून मनात शाबासकी दिली.

नवरा म्हणाला, "चष्म्याचा नंबर बघूया एकदा." हसण्यावारी न्यायचा त्याचा स्वभाव आहे, पण आज राग आला. नंबर ठीक आहे माझा. म्हटलं, उद्या वर्गात सरळ सांगते. चुकलं म्हणून सांगते. त्यात काय.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

नाही सांगितलं.

सांगणारच होते. खडू हातात होता, ‘सात आठे’ लिहून पोरांकडे वळले आणि म्हणाले, "सोमवारी मी फळ्यावर एक चूक केली होती –" आणि नेमक्या त्याच क्षणी मोठ्या बाई दारात. मुख्याध्यापिका आहेत, फेरी मारत होत्या. हात मागे बांधून उभ्या. एकोणचाळीस पोरं आणि मोठ्या बाई! माझी जीभ आपली आपणच वळली : "– मुद्दाम केली होती. बघायचं होतं, कोणाच्या लक्षात येतं ते."

वर्गात एकच गलका. "बाईंनी फसवलं, बाईंनी फसवलं!" भोंगा बाकावर चढला. सगळी पुठ्ठे उलटे करून बघायला लागली. मोठ्या बाई हसून, मान हलवून पुढे गेल्या. आणि मी, एकदा सुटलेच आहे म्हटल्यावर, रेटून नेलं : "आता रोज मी फळ्यावर एक चूक करणार. गृहपाठ तोच. चूक शोधायची, आणि कशावरून चूक ते घरातली एखादी वस्तू मोजून, मापून दाखवायचं. नुसतं ‘पुस्तकात आहे’ चालणार नाही." हे कुठून सुचलं देव जाणे. थाप उभी राहायला टेकू लागतो, तसा तो टेकू होता.

खिडकीकडे बघितलंच नाही. बघायची हिंमत झाली नाही. मुद्दाम चूक केली होती, तर मग बरोबर लिहिणारीच्या वहीत लाल गोल कसे? हे तिनं विचारलं असतं तर मी काय सांगणार होते?

तिनं विचारलं नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

फळ्यावर लिहिलं : ‘एका तासात पन्नास मिनिटं असतात.’

१० फेब्रुवारी, मंगळवार

कमाल आहे! एकोणचाळीसपैकी सदतीस वह्या आपणहून टेबलावर. एरवी सात-आठ तरी पोरांचं पोट दुखत असतं किंवा वही मावशीकडे राहिलेली असते.

एक पोर आजोबांना घेऊन घड्याळासमोर तासभर बसलं. वहीत लिहिलंय : ‘साठ झाली. आजोबा चाळीसला झोपले.’ आणखी एकीच्या आईनं कणीक मळायला घेतली तेव्हापासून मोजायला सुरुवात केली, तर मध्ये फोन आला आणि आकडा विसरला, पुन्हा पहिल्यापासून. भोंगा मनातल्या मनात साठ साठ मोजत होता म्हणे, घरच्यांना दोन तास शांतता मिळाली.

खिडकीवालीच्या वहीत एकच ओळ : ‘बाईंचं बरोबर आहे.’

वाटलं, कळलं नसेल काय करायचं ते.

११ फेब्रुवारी, बुधवार

आजच्या वह्या तर मी खुर्चीत टेकून, डबा बाजूला ठेवून वाचल्या. वाचल्या! तपासल्या नाहीत. पस्तीस मिनिटांचा विक्रम मोडीत. दीड तास लागला आणि कंटाळा आला नाही.

चूक होती ‘माणसाचा एक हात दुसऱ्या हातापेक्षा वीतभर लांब असतो.’ घरोघरी हात मोजले गेले. एकीच्या काकाचा खरोखरच बोटभर लांब निघाला, लहानपणी मोडला होता. ती गोष्ट घरात कोणाला माहीत नव्हती, काका सांगत बसला. दोन पानं लिहिलीत पोरीनं, न सांगता. दहा ओळी निबंधासाठी मी हिच्या मागे वर्षभर हात धुऊन लागलेय.

खिडकीवाली : ‘बाईंचं बरोबर आहे.’

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

काल लिहिलं होतं : ‘एक लिटरच्या बाटलीत तीन पेले पाणी मावतं.’ आमच्या घरच्या पेल्यानं पाच होतात. मी आदल्या दिवशी मापून बघितलं होतं. हल्ली खात्री करते.

आज वर्गात भांडणं. कोणाचे चार, कोणाचे सहा, एकीचे अकरा. तिनं बाहुलीच्या खेळातला घेतला होता. आणि मागच्या बाकावरचं खोडरबर, जे पोर चुकेल या भीतीनं लिहिण्यापेक्षा खोडतंच जास्त, ते उभं राहून म्हणालं, "बाई, आमच्याकडे तीनच होतात. मग चूक कुठेय?" घरून पेलाच आणला होता पुराव्याला. पेला कसला, छोटी घागरच ती.

खरंच, चूक कुठेय? मग पोरंच वाद घालायला लागली. पेला म्हणजे कोणाचा पेला? सगळ्यांनी एकच पेला धरला पाहिजे. तो कोणी ठरवायचा? बाईंनी? बाईंचा पेला तर आम्ही बघितलेला नाही! माप एक का लागतं, हे मी पाठ्यपुस्तकातून दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी ते कोणाच्याही डोक्यात शिरत नाही. आज मी नुसती उभी होते.

चोवीस वर्षं मी काय करत होते, असा प्रश्न पडला. उत्तर माहीत आहे. वह्या भरून घेत होते.

खिडकीवाली : ‘बाईंचं बरोबर आहे.’ आता हे न कळल्यामुळे नाही, हे मला कळलंय. चोपन्नला तिनंच पकडलं होतं. एका तासात पन्नास मिनिटं नसतात हे तिला कळत नाही? ती मला सांगतेय काहीतरी. की सांगायचं बंद केलंय तिनं?

१६ फेब्रुवारी, सोमवार

मोठ्या बाईंनी खोलीत बोलावलं. थाप उघडी पडली असं धरूनच गेले. पण तिथे चहा, खुर्ची, कौतुक! पालकांकडून बोलणी यायच्याऐवजी निरोप येतायत. एका आईची तेवढी तक्रार : मुलगी आता घरात माझ्याही चुका काढते, तीही वस्तू दाखवून.

सत्तावीस तारखेला आसपासच्या शाळांचे शिक्षक आमच्याकडे येणार आहेत. विषय ‘आनंददायी गृहपाठ’. बोलायचं मी. मोठ्या बाई म्हणाल्या, "पहिल्या दिवसापासून सांगा. सगळ्यांना चोपन्न लिहायला लावलंत, कोणाला सुगावा लागू दिला नाहीत. डोकं लागतं त्याला."

मी ‘हो’ म्हणाले. चढली थोडी, खोटं कशाला बोलू. चोवीस वर्षांत मला कोणी बोलायला उभं केलेलं नाही. घरी नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, "छान. आणि त्या मुलीचं काय सांगणार आहेस?"

याला कधी काय विचारावं याचं भान नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

खिडकीवालीला मधल्या सुट्टीत जवळ बोलावलं. म्हटलं, "तुला चूक सापडत नाही का?"

"नाही बाई."

"आधी तर तुला सापडली होती. सातच्या पाढ्यात."

बोटानं टेबलाची कड कुरतडत राहिली. मग म्हणाली, "ती माझी चूक होती. तुम्ही लाल केलं होतं."

"अगं, पण मी नंतर सांगितलं ना वर्गात –"

"जाऊ बाई?"

गेली. त्या वेळी खरं सांगता आलं असतं. खोलीत दोघीच होतो. मोठ्या बाई नव्हत्या, भोंगा नव्हता, कोणी नव्हतं. तरी नाही सांगितलं. आठ वर्षांच्या पोरीसमोर ‘माझं चुकलं’ म्हणायला कसली एवढी लाज वाटते, ते मला कळत नाही. पण वाटते.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

भाषण लिहायला घेतलं. पहिलं वाक्य : ‘एके दिवशी मी मुद्दाम –’ चार वेळा खोडलं. त्या खोडरबराला हसत होते मी!

२१ फेब्रुवारी, शनिवार

पालकसभा. नेहमीसारखी रांग, नेहमीसारखं ‘घरी अजिबात ऐकत नाही, तुम्हीच सांगा’. खिडकीवालीचे वडील शेवटच्या काहींत. पहिल्यांदाच बघितलं त्यांना. फरशी बसवायचं काम करतात. हात धुऊन आले होते, पण नखांच्या कडेला सिमेंट पांढरं राहिलेलंच. खुर्चीच्या टोकावर बसले. मीच विषय काढला. म्हटलं, मुलगी हुशार आहे, पण गृहपाठात हल्ली लक्ष नाही.

ते म्हणाले, "माझ्यामुळे झालं बाई. पाढा लिहीत होती, आठव्या ओळीला अडली. म्हणाली, बाबा, एकोणपन्नासमध्ये सात मिळवले तर चोपन्न होत नाहीत. आमच्या बाहेरच्या खोलीत फरश्या आहेत, एका ओळीत आठ, अशा सात ओळी. तिनं बोट ठेवून मोजल्या. छप्पन्न. मी म्हटलं, लिही मग छप्पन्न. दुसऱ्या दिवशी तुम्ही लाल केलं."

मी हातातलं लाल पेन टेबलाखाली घेतलं, ते सांगतच होते.

"मग मी तिला समजावलं, बाईंनी लाल केलंय म्हणजे काहीतरी कारण असेल. आमचं आपलं फरशीचं गणित. शाळेतलं वेगळं असेल. तर मला विचारते, बाबा, मग तुमच्या फरश्या चुकतात का?" ते हसले. "काय सांगणार? म्हटलं हो, आमचं सगळं अंदाजपंचेच असतं. तू बाईंचं ऐक."

तेवढ्यात मागच्या पालकांनी खुर्ची पुढे सरकवली. ते लगबगीनं उठले, नमस्कार करून गेले. वीस वर्षं फरश्या मोजून बसवणारा माणूस. एक फरशी कमी-जास्त झाली तर ज्याला उखडून पुन्हा काम करावं लागतं, त्यानं मुलीला सांगितलं की आपलंच गणित चुकीचं आहे. कशासाठी? माझ्या लाल शाईची इज्जत राहावी म्हणून!

घरी येऊन भाषणाचे कागद फाडले. नवऱ्यानं तुकडे उचलले, मोठ्यानं वाचले मात्र नाहीत.

२२ फेब्रुवारी, रविवार

हजेरीपटात पत्ता होता. सकाळी दहाला गेले. एका गोदामाच्या मागे दोन खोल्या. दार उघडंच होतं. वडील, आई, खिडकीवाली, तिघांचीही धांदल उडाली. रविवारी बाई घरी म्हणजे पोरीनं काहीतरी मोठंच केलेलं असणार. आई आतून खुर्ची आणायला धावली.

मी खुर्चीवर बसले नाही. म्हटलं, गृहपाठ करायला आलेय, फरश्या मोजायच्यात. आणि खाली बसले.

अशी जमीन मी पाहिली नव्हती. एक फरशी दुसरीसारखी नाही. ठिकठिकाणच्या कामांवर उरलेल्या आणून बसवल्यात. करडी दवाखान्यातली, हिरवी कोणाच्यातरी न्हाणीघरातली, पांढरी बँकेतली. पण सांधे? दोरी धरल्यासारखे सरळ. एका कोपऱ्यात दोन तुकडे जोडून एक केलेली. वडील संकोचून म्हणाले, "ती एकच धरायची बाई." मी बोट ठेवत मोजत गेले, मोठ्यानं, पहिलीतल्या पोरांसारखी. खिडकीवाली आतल्या दाराशी उभी होती, चौकट धरून. तिसाच्या पुढे मला ऐकू आलं – तीही मोजत होती, ओठांतल्या ओठांत, माझ्याबरोबर.

छप्पन्न.

तिची वही मागितली. नवं पान घेतलं. रोज पोरं लिहितात तसंच लिहिलं : ‘चूक सापडली. सात आठे चोपन्न नाहीत, छप्पन्न आहेत. कशावरून : तुमच्या बाहेरच्या खोलीतली फरशी. चूक कोणाची : बाईंची.’ खाली सही केली. मग तिच्याकडे बघून म्हणाले, कारण लिहिणं सोपं आहे, बोलायचंच राहिलं होतं : "तू बरोबर होतीस. मी लाल केलं ते चुकीचं होतं. आणि मुद्दाम केलं असं वर्गात सांगितलं, तेही खोटं होतं. मला कळलंच नव्हतं."

तिनं चौकट सोडली, पुढे येऊन पान वाचलं. मग तिनं एवढंच विचारलं, "मग बाबांच्या फरश्या बरोबर आहेत?"

"बरोबर आहेत."

"सगळ्या?"

"सगळ्या."

वडील एकदम पाणी आणायला आत गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. मला रडू आलं. आईनं बघितलं न बघितलंसं केलं, फार बरं वाटलं तिच्याबद्दल.

२३ फेब्रुवारी, सोमवार

वर्गात सांगितलं. एक पायरी उतरली की पुढची उतरता येते. म्हटलं, पहिली चूक खेळ नव्हती, खरीच होती. ती एकीलाच कळली होती आणि तिला मी शिक्षा केली. भोंग्यानं हात वर केला.

"बाई, मग बाकीच्यापण खऱ्याच होत्या का?"

"नाही रे, बाकीच्या मुद्दाम."

"कशावरून?"

याला काय पुरावा दाखवणार! घड्याळाची शपथ घेतली. खोडरबर मात्र माझ्याकडे टक लावून बघत होतं. दुपारी त्याच्या वहीत एक चूक दिसली. नुसती चूक! भोक पडेपर्यंत न खोडलेली, सरळ एक रेघ मारून पुढे लिहिलेलं.

खिडकीवाली बाहेरच बघत होती.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

तिच्या वहीत आज ‘बाईंचं बरोबर आहे’ नाही. काहीच नाही. पान कोरं. ठीक आहे. मी काय, रविवारी जाऊन आले म्हणजे सोमवारी सगळं फिटलं, असं धरून चालले होते?

२६ फेब्रुवारी, गुरुवार

कोरं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

बोलले. सभागृहात साठेक शिक्षक, पंखे गरगरतायत, मोठ्या बाई पहिल्या रांगेत. ‘आनंददायी’ हा शब्दच उच्चारला नाही. तीनशे ऐंशी चोपन्न सांगितले, पस्तीस मिनिटांचा विक्रम सांगितला, थाप सांगितली, फरशी सांगितली. म्हटलं, गृहपाठ पोरांनी करावा असं वाटत असेल तर आधी आपण तो वाचावा. आणि त्यांच्या घरात जे गणित आधीपासून आहे, त्याच्यावर लाल रेघ मारू नये. एवढंच मला कळलंय, जास्त नाही.

कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी शेजारच्याशी कुजबुजलं. मागून एक निवृत्तीला आलेले सर येऊन म्हणाले, "मी वह्या तपासताना बातम्या ऐकतो." एवढं बोलून गेले. मोठ्या बाई जाताना म्हणाल्या, "पहिला भाग सांगायची गरज नव्हती." आज चहाला बोलावलं नाही. चालायचंच.

नवऱ्यानं घरी आल्यावर विचारलं, "दिसलं का सगळं नीट?" या वेळी राग आला नाही.

२ मार्च, सोमवार

आजची चूक आपल्याच वर्गाबद्दल. फळ्यावर पाच वाक्यं लिहिली, चार खरी, एक खोटं. खोटं पाचवं होतं : ‘दारापेक्षा फळा उंच आहे.’ घरी नको, शाळा सुटायच्या आत इथेच शोधा म्हटलं. पोरं पट्ट्या घेऊन दाराला झोंबली. खिडकीवाली उठली आणि वर्गाबाहेर निघून गेली. मी अडवलं नाही.

३ मार्च, मंगळवार

खिडकीवालीची वही सगळ्यात वर होती. ‘पाचवं वाक्य चूक. कशावरून : दार मोजलं. दुसरं वाक्यपण चूक.’

दुसरं वाक्य होतं ‘आपल्या वर्गाला चार खिडक्या आहेत.’ त्या खोलीत मी नऊ वर्षं शिकवतेय. म्हटलं, चारच आहेत गं. ती मला मैदानात घेऊन गेली आणि भिंतीकडे बोट दाखवलं. मोजल्या. पाच. एक माझ्या कपाटामागे आहे.

"ही मुद्दाम का बाई?"

"नाही. चुकून."

तिनं हात पुढे केला आणि लाल पेन मागितलं. दिलं.